बाळाचा पहिला नाताळ आणि अक्काचा सातवा

‘मावशी, आम्ही सोलापुरात राहतो. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. मुलगी साडेसहा वर्षांची, मुलगा सात महिन्यांचा. बाळाचा हा पहिलाच नाताळ. बोनस दिवाळीला मिळतो, तो देण्याघेण्यात तेव्हाच संपला. आता दोघांसाठी कपडे धरून दीड हजार रुपये हातात आहेत. पुण्याच्या नणंदबाई बाळाला वॉकर आणणार आहेत, सासूबाई चांदीचे वाळे करणार आहेत. परवा फोनवर हे बोलणं चाललं होतं तेव्हा मुलगी म्हणाली, “सगळं बाळालाच का?” त्याच दिवशी बाळाने तिच्या चित्रांच्या वहीचं पान फाडून तोंडात घातलं. ती रडायला लागली तर मीच म्हटलं, “तू अक्का आहेस ना, दे त्याला.” रात्री फार वाईट वाटलं. मुलीची जुनी खेळणी माळ्यावर आहेत. तीच कागदात गुंडाळून बाळाला दिली तर चालेल का? पहिल्या नाताळाला जुनं दिलं असं चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतील का? आणि एवढ्याशा पैशांत दोघांना सारखं कसं द्यायचं?’
– एक आई, सोलापूर

बाई गं, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. सारखं देऊ नकोस. दीड हजारातले बहुतेक पैसे लेकीवर खर्च कर, आणि तसं करताना मनाला जराही लावून घेऊ नकोस.

सात महिन्यांच्या पोराला नाताळ कळत नाही. त्याला कळतो कागदाचा चुरचुर आवाज, तुझा चेहरा, आणि हातात आलेली वस्तू तोंडात घालून तिची चव. पाचशेचं खेळणं नि स्टीलची वाटी यांतलं त्याला विचारशील तर तो वाटी घेईल, कारण ती आपटली की वाजते. मुलगी मात्र साडेसहाची आहे. झाडाखाली किती पुडकी आहेत, कोणावर कोणाचं नाव आहे, हे ती मोजणार. या वयाची मुलं रुपये मोजत नाहीत, पुडकी मोजतात. तेव्हा पुडकी दोघांची सारखी ठेव, दोन-दोन म्हण. आत काय आहे त्याचा हिशेब तुझ्यापाशी.

आता तिला काय द्यायचं. तुझ्या पत्रातली फाटलेली वही माझ्या डोक्यातून जात नाही. तिचं दुखणं खेळणी कमी पडल्याचं नाही. घरात तिचं असं काही उरलंच नाही, जे हिसकलं जाणार नाही. दुपट्यावरचं बाळ आता रांगायला लागलं असेल, थोड्या दिवसांत धरून उभं राहील, आणि मग तिचं दप्तरही त्याच्या हाताच्या टप्प्यात येईल. म्हणून माझं ऐक, तिला एक पत्र्याची पेटी घे. आपण शाळेत न्यायचो तसली, कडी-कोयंड्याची, वरून रंगवलेली. मधल्या मारुतीकडच्या बाजारात भांड्यांच्या, पत्र्याच्या दुकानांतून हिंड. साधारण चार-पाचशेत लहानशी पेटी मिळावी. कुलूप छोटं घे, किल्ल्या दोन. एक तिच्या गळ्यात दोऱ्याला, दुसरी तुझ्या मंगळसूत्राच्या डबीत, कारण पहिली हरवणारच. पेटीवर तिचं नाव रंगाने लिहून घे, नाहीतर बापाला लिहायला लाव. आत एक कोरी चित्रांची वही आणि रंगपेटी ठेव.

या पेटीचा दुसरा उपयोग तिला सांगायची गरज नाही, पण तू लक्षात ठेव. मोठ्या भावंडाचं सामान हेच लहानग्यासाठी घरातलं सगळ्यात धोक्याचं सामान असतं. मणी, गोट्या, खोडरबर, टिकल्यांचं पाकीट, बाहुलीचा बूट. कुलपात गेलं की दोघंही सुखी. आणि एक नियम घरात सगळ्यांना सांगून टाक, सासूबाईंनासुद्धा: त्या पेटीतलं बाळाला द्यायचं की नाही हे ती ठरवेल. ‘तू अक्का आहेस ना’ हे वाक्य पेटीला लागू नाही.

जुन्या खेळण्यांचं विचारलंस. चालेल काय, उत्तम चालेल. फक्त ती तू परस्पर गुंडाळू नकोस. ती खेळणी तिची आहेत. माळ्यावर असली तरी तिचीच. नाताळच्या सकाळी कागद सुटला आणि आतून तिचाच खुळखुळा ‘बाळाची नवी भेट’ म्हणून निघाला, तर तो दिवस गेलाच म्हणून समज. आधीच एका दुपारी बाळ झोपलं असताना सगळी खाली काढ, तिच्यासमोर मांड आणि तिला निवडू दे. जे तिला द्यायचं नाही ते पेटीत, कारण विचारायचं नाही. एखादी वस्तू तिने बाळासाठी काढली की धुऊन, कोरडी करून तिनेच गुंडाळायची, आणि वर तिच्याच अक्षरात ‘अक्काकडून’. मग ती भेट जुनी राहत नाही. मंडळीतल्या कोणी विचारलंच तर बाळाला अक्काने दिलं एवढं सांगायचं. त्यावर बोलायला कोणाकडे काही नसतं.

मात्र ती खेळणी माळ्यावरून उतरली की तू एकदा नीट तपास. आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं ते १ जानेवारी २०२१ पासून. माळ्यावरचं काही त्याआधीचं असू शकतं. जुनं प्लास्टिक उन्हाळ्याच्या तापाने कडक होऊन तडकतं, आणि सोलापुरातल्या पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मे काय असतो ते मी तुला सांगायला नको. खुळखुळ्याचा सांधा दोन्ही हातांनी पिळून बघ. जरा जरी उघडला तरी टाकून दे, आतले दाणे बाहेर आले की संपलं. रंगाचे पोपडे उडत असतील तर टाक. चाळीस पन्नास रुपयांची गाणी म्हणणारी, दिवे लागणारी खेळणी असतील तर उलटी करून सेलचं झाकण बघ. ते स्क्रूने घट्ट नसेल तर घरातच ठेवू नकोस. बटणाएवढा तो चपटा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं. असं कधी झालं तर वाट बघायची नाही, केळी-भात खाऊ घालून ‘पडेल खाली’ म्हणायचं नाही, सरळ दवाखाना. आणि मापाचं म्हणशील तर जी वस्तू साधारण सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या नळकांड्यात आख्खी मावते, ती तीन वर्षांखालच्या पोराच्या हातात नको.

बाळाचं दुसरं पुडकं? तुझ्या नवऱ्याच्या कारखान्याचा एखादा नॅपकिन. मी थट्टा करत नाही. या वयात वस्तू झाकली तरी ती असते हे मुलांना हळूहळू उमगायला लागतं, म्हणून ‘भोऽक’ हा खेळ त्यांना इतका वेड लावतो. नॅपकिनखाली वाटी लपवायची, काढायची, पुन्हा लपवायची. हे काम अक्काला दे, तिच्याइतकं ते कोणी करणार नाही. सोबत एकात एक बसणाऱ्या तीन वाट्या, काठ गुळगुळीत असलेल्या. नॅपकिन खेळापुरताच हं. झोपताना बाळाच्या अंथरुणात नॅपकिन, उशी, मऊ अस्वल असलं काही ठेवायचं नाही, एक वर्षाचा होईपर्यंत तरी.

कपड्यांवर मी फार बोलणार नाही. नवी पेठेत पाऊल टाकलंस की लाल मखमलीचा सांताचा सूट दिसेल आणि तुझा हात तिकडे जाईल. घेऊ नकोस. तो एक तास अंगावर राहतो, टोचतो, आणि पुढच्या वर्षी होत नाही. मंडळीत कोणाकडे तरी तो धुऊन ठेवलेला असतोच, फोटोपुरता मागून आण. बाळाला सुती, एक माप मोठा जोड घे. मुलीला मात्र तिने बोट दाखवलेला फ्रॉक घे, पाचशेच्या आत बसेल असा. दुकानात शिरायच्या आधीच तिला आकडा सांग. साडेसहाच्या मुलीला आकडा कळतो.

आता तुझ्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते. ते तू लिहून खोडलं आहेस, पण पेन जोरात दाबून लिहितेस, त्यामुळे मला वाचता आलं. ‘मुलगा म्हणून सगळ्यांना जास्त.’ खोडायचं कारण नव्हतं. वाळे, वॉकर, फोन, हे सगळं दुसऱ्या बाळासाठी आहे की मुलासाठी, हा प्रश्न तुला पडला आहे आणि तो खरा आहे. लेकीच्या पहिल्या नाताळाला वाळे झाले होते का? झाले असतील तर ठीक, पोरीला ते काढून दाखव, हे तुझे म्हणून. झाले नसतील तर सासूबाईंशी भांडू नकोस, पण नवऱ्यासमोर ही गोष्ट एकदा मोठ्याने बोल. ज्या संत निकोलसावरून आपला सांता आला, त्याची जुनी आख्यायिका ठाऊक आहे ना? एका गरीब बापाच्या तीन मुली होत्या, हुंड्याला पैसा नव्हता, आणि त्याने रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. गोष्ट मुलींची आहे.

नणंदबाईंचा वॉकर घरात येऊ देऊ नकोस. त्यात बसवल्याने मूल लवकर चालतं हा समज आहे. उलट चालायला उशीर होऊ शकतो, आणि एका झटक्यात ते उंबऱ्याशी, जिन्याशी, शेगडीपाशी पोचतं. आईचा हात पोचायच्या आत. कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. हे नणंदबाईंना तू सांगायचं नाहीस, तुझ्या नवऱ्याने सांगायचं. बहीण त्याची आहे. ‘ताई, घर लहान आहे, दोन उंबरे आहेत, वॉकर नको’ एवढंच. आणि लगेच पुढचं वाक्य, कारण द्यायला निघालेल्या माणसाला नुसतं नको म्हटलं की राग येतो: ‘त्याऐवजी अक्काच्या नावाने सुकन्या समृद्धीचं खातं उघडतोय, त्यात तू पहिले पैसे घाल.’ मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत हे खातं पोस्टात उघडता येतं, अडीचशे रुपयांपासून. पुढे वर्षाला किमान अडीचशे भरत राहायचे, एवढं लक्षात ठेव. मुलीचा जन्मदाखला आणि तुमची कागदपत्रं घेऊन जा. ही भेट मुलीसाठी म्हणून झाडाखाली ठेवू नकोस हं, पासबुक बघून कुठलंही मूल खूश होत नाही. ती तुझ्यासाठी आहे. घरात आलेला पैसा एकदा तरी लेकीच्या नावावर पडला हे तुला हवं आहे.

चोवीस-पंचवीसला घरात माणसं येतील, करंज्या-चिवड्याच्या ताटल्या फिरतील. चिवड्यातले शेंगदाणे सतरंजीवर सांडतात आणि रांगणारं पोर ते बरोब्बर शोधतं. आपल्या सोलापुरात तर शेंगा नसलेलं ताट नाही. पाहुणे गेले की आधी केरसुणी, मग बाळाला खाली सोडायचं. आणि कोणी मायेने बोटावर मध चाटवायला आलं तर नको म्हण. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध बाळाला चालत नाही, त्यातून बोटुलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. लोकांना वाईट वाटलं तर वाटू दे.

दीड हजारातले शे-दीडशे शिल्लक पाड. पेटी, वही, दोघांचे कपडे धरून तेवढे उरावेत. नाताळ संपल्यावर तीन आठवड्यांनी संक्रांत, म्हणजे होम मैदानावर गड्डा, आपली सिद्धेश्वराची जत्रा. मुलीच्या दुसऱ्या पुडक्यात एक चिठ्ठी घाल: ‘गड्ड्याला फक्त मी आणि पप्पा.’ पाळणा, भेळ आणि बापाचा हात, आणि बाळ घरी तुझ्यापाशी. गर्दीत त्याला नेऊही नकोस. मात्र लिहिलंस तर पाळ. कारखान्यात त्या दिवशी जादा पाळी लागली म्हणून चिठ्ठी रद्द झाली, तर न दिलेली बरी होती असं होईल. नवऱ्याला सुट्टीचं आत्ताच बोलायला सांग.

आणि नणंदबाईंना फोन आजच व्हायला हवा. वॉकर ऑनलाइन मागवून झाला असेल तर परत करायची मुदत किती आहे ते आधी बघायला सांग, बाकीचं बोलणं त्यानंतर.