प्रश्न तुमचे, उत्तर गॅरेजमधून : आधी मेस्त्री बघा, मग गाडी

प्रश्न : नमस्कार दादा. मी जिंतूर तालुक्यात गुरांचा डॉक्टर आहे. रोजचं साठ-सत्तर किलोमीटर होतंच, त्यातलं वीसेक पांदण रस्ते आणि तांड्या-वस्त्यांवरचा कच्चा रस्ता. मागं कॅरिअरवर कृत्रिम रेतनासाठीचा नायट्रोजनचा कॅन आणि औषधांची बॅग. तीन वर्षांपूर्वी हौसेनं एक ॲडव्हेंचर गाडी घेतली, कंपनीचं नाव घेत नाही, ७१ हजार किलोमीटर झाले. गाडी मनापासून आवडते पण यंदा ऐन पेरणीच्या दिवसात एका पार्टसाठी २६ दिवस उभी राहिली, मी मित्राच्या गाडीवर फिरलो. आता इंजिनातून खडखड येतेय आणि खर्च ५५ हजार सांगितलाय. दुरुस्त करू का बदलू? बदलायची तर बजेट ऑनरोड अडीच लाखापर्यंत, उंची पाच फूट सहा. महिन्यातून एकदा बायकोला घेऊन मंठा-जालना मार्गे संभाजीनगरला जाणं असतं. आणि एकदा तरी हिमाचलातल्या स्पितीला जायचंय.

उत्तर : डॉक्टर साहेब, तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते २६ दिवस. ७१ हजार किलोमीटरला इंजिनाचं काम निघणं ह्यात नवल नाही, पण रात्री दोन वाजता कुणाची म्हैस अडली आणि डॉक्टरकडं गाडीच नाही, हे वाईट. त्यामुळं तुमच्यासाठी गाडी निवडताना पॉवर, डिस्प्ले, मोड हे सगळं नंतर. पहिला प्रश्न असा की ही गाडी जिंतूर-परभणीत कोण उघडणार आणि पार्ट किती दिवसात हातात पडणार.

त्याची परीक्षा सोपी आहे आणि फुकट आहे. जी गाडी मनात असेल तिच्या सगळ्यात जवळच्या पार्ट काउंटरवर जा, शोरूममध्ये नाही, पार्टच्या काउंटरवर, आणि सहा गोष्टी मागा : क्लच प्लेट, क्लच केबल, पुढचे ब्रेक पॅड, ब्रेक लिव्हर, कोनसेट (हँडलचं बेअरिंग) आणि एअर फिल्टर. आहे का, नसेल तर किती दिवसात येईल, किंमत काय, हे तिथंच लिहून घ्या. सहापैकी चार जागेवर मिळाले तर गाडी तुमच्या कामाची, आणि "मागवावं लागेल, सांगता येत नाही" असं दोन-तीनदा ऐकलं तर गाडी कितीही देखणी असो, सोडून द्या. मग तुमच्या नेहमीच्या मेस्त्रीला विचारा की ह्या गाडीचं इंजिन तू कधी खोललंय का. तो खरं सांगेल.

आता जुन्या गाडीचं. ५५ हजार लगेच देऊ नका, आधी दुसऱ्या मेस्त्रीकडून कॉम्प्रेशन चेक करून घ्या आणि खडखड नेमकी कुठून येते ते बघायला सांगा. टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर असेल तर काम बरंच स्वस्तात उरकतं, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे भाग, ढिले असतील तर अजूनच कमी. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर मात्र क्रँक खोलावा लागतो, तो खर्च मोठाच. पण खर्च कितीही निघाला तरी पार्टची अडचण तशीच राहणार, म्हणून माझं मत असं की गाडी बदला. गाडीवर जीव असेल तर सावकाश दुरुस्त करून घरी ठेवा, फक्त धंद्याचा भार तिच्यावर ठेवू नका.

बदलताना इंजिन थंड कसं होतं हे समजून घ्या, कारण आपल्याकडं मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४ ला टेकतो. लिक्विड कूल्ड इंजिन अशा उन्हात तापमान हातात ठेवतं हे खरं, पण त्याच्यासोबत रेडिएटर, वॉटर पंप, फॅन, होज पाईप आणि कूलंट एवढं सांभाळायला वाढतं, आणि काळ्या मातीचा चिखल रेडिएटरच्या जाळीत बसून वाळला की फॅन फिरत राहतो पण हवा आरपार जात नाही. ऑईल कूल्ड किंवा साधं एअर कूल्ड इंजिन जास्त तापतं, आवाजही करतं, पण त्यात बिघडायलाच कमी आहे. लिक्विड कूल्डला घाबरायचं कारण नाही, फक्त रेडिएटरपुढं संरक्षक जाळी लावून घ्या आणि धुताना प्रेशर पाईप सरळ रेडिएटरवर मारू नका, त्याचे पातळ पत्रे वाकतात.

दुसरं म्हणजे व्हॉल्व्ह. काही इंजिनात टॅपेट स्क्रू आणि नटानं सेट होतात, फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) असलेला कुठलाही चांगला मेस्त्री अर्ध्या-पाऊण तासात करतो. काहींमध्ये शिम असतात, नेमक्या जाडीची चकती मोजून बदलावी लागते, आणि ती चकती तालुक्याला मिळत नाही. जोरदार डबल ओव्हरहेड कॅमच्या (वर दोन कॅमशाफ्ट असलेल्या) इंजिनांत बहुतेक असंच असतं. ते काम रोज करावं लागत नाही, पण करायची वेळ येते तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं हे धरून चाला.

तिसरं पंक्चर, आणि ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार कारण वेडी बाभूळ तुमच्या प्रत्येक पांदणीला आहे. स्पोकच्या चाकात बहुतेक ट्यूब असते, काटा गेला की चाक काढा, लिव्हरनं टायर उचला, ट्यूब काढा, एकट्या माणसाचं भर उन्हात तासभराचं काम. ट्यूबलेसमध्ये काटा तसाच राहू दिला तर हवा हळूहळू जाते, दहा मिनिटात भोकात रबरी वाती भरून निघता येतं. पण ट्यूबलेस अलॉय चाक खड्ड्यात वाकलं किंवा तडकलं की बदलायलाच लागतं, स्पोकचं चाक आउट झालं तर स्पोक ओढून सरळ करणारे कारागीर अजून तालुक्याला आहेत. २१ इंची पुढची ट्यूब प्रत्येक पंक्चरवाल्याकडं नसते, म्हणून एक सोबतच ठेवा. अडीअडचणीत तीच २१ ची ट्यूब मागच्या १८ इंची टायरमध्येही घडी सांभाळून घालता येते आणि घरापर्यंत येता येतं, उलटं मात्र नीट जमत नाही. म्हणून ठेवायची तर २१ चीच ठेवा.

आता नावं घेऊन बोलतो. हिमालयन ४५० चांगली गाडी आहे, ४५२ सीसी, ४० पीएस, १७ लिटरची टाकी, स्पितीला तर मजाच, पण वजन १९६ किलो आणि ऑनरोड तीन लाखाच्या पुढं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना जीएसटी १८ टक्के आणि त्याच्या वरच्यांना ४० टक्के झाला, म्हणजे तुमच्या बजेटातल्या माणसानं ३५० च्या आतच बघणं शहाणपणाचं. चिखलात आडवी पडलेली १९६ किलोची गाडी, वर नायट्रोजनचा कॅन, एकट्यानं उचलायची कल्पना करून बघा. केटीएम ३९० ॲडव्हेंचर आणि ट्रायम्फ स्क्रॅम्बलर ४०० एक्स वजन आणि किंमत ह्याच कारणांनी बाजूला ठेवतो. टीव्हीएसची अपाचे आरटीएक्स ३०० ऑक्टोबर २०२५ ला आली, २९९ सीसी, ३६ पीएस, कागदावर तुमच्या कामाची दिसते, पण इंजिन अगदी नवीन आहे आणि ज्याचं पोट गाडीवर आहे त्यानं नवीन इंजिन पहिल्या वर्षी घेऊ नये असं मी सगळ्यांनाच सांगतो.

राहिल्या दोन. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स, २४९ सीसी, ऑईल कूल्ड, २६.५ पीएस, वजन १६७ किलो, अलॉय आणि ट्यूबलेस, पुढचं चाक १९ इंची. जालना रोडला बायकोला घेऊन जायला ही सगळ्यात आरामाची, सीट मोठी, इंजिन गुळगुळीत. पण ग्राउंड क्लिअरन्स २०५ मिलिमीटर आणि सस्पेन्शन रोडच्या बाजूला झुकलेलं, बैलगाडीच्या खोल चाकोरीत जपून न्यावी लागेल. दुसरी हिरोची एक्सपल्स. जुनी २०० फोर व्ही ऑईल कूल्ड, साधी, २२० चा क्लिअरन्स, १६० किलोच्या आत. नवीन २१० लिक्विड कूल्ड, २४.६ पीएस, सहा गिअर, वजन १७० च्या आसपास. पुढं २१ मागं १८ चं स्पोकचं चाक, सस्पेन्शनचा प्रवास लांब, म्हणजे पांदणीसाठीच बनवलेली.

तुमच्यासाठी माझं उत्तर एक्सपल्स २१०, अट एकच, वरची सहा पार्टची परीक्षा ती पास झाली पाहिजे. हिरोचं काउंटर तालुक्याला असतं पण त्यावर स्प्लेंडरचा माल असणं वेगळं आणि एक्सपल्सचा असणं वेगळं, म्हणून विचारल्याशिवाय बुकिंग करू नका. ३० दिवसातले २९ दिवस तुम्ही चिखल-धुळीत एकटे असता, एकच दिवस जोडीनं हायवेला, तर गाडी २९ दिवसांची घ्यावी. जालन्याला ऐंशीनं जा, ती कुरकुर करणार नाही. नाहीतरी समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, तुम्हाला जुन्या रोडनंच जायचंय, आणि उसाच्या सीझनमध्ये बिनदिव्याच्या ट्रॉल्या असतात तिथं ऐंशीच्या वर जाऊही नये. स्पितीला ४० पीएसची गरज नाही, २४ वर माणसं जाऊन आलीत.

परीक्षेत नापास झाली तर व्ही-स्ट्रॉम. आणि तिसरी वाट, सेकंडहँड हिमालयन ४११. ती २०२३ ला बंद झाली पण तेच इंजिन वाढवून पुढं स्क्रॅम ४४० मध्ये आलं. जड आहे, पण इंजिन साधं, टॅपेट स्क्रूवर सेट होणारे, सीट ८०० मिलिमीटर म्हणजे तुमचे दोन्ही पाय टेकतील. घेताना परिवहनच्या साईटवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, इन्शुरन्स आणि चलन बघा, बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्या समोर.

एक गोष्ट मात्र नवीन कुठलीही गाडी घेतली तरी पहिल्याच दिवशी शिका, कुठला सेन्सर गाडी बंद पाडतो ते. दोन पावसाळ्यांपूर्वी मी किनवटहून माहूरकडं जाताना माझी गाडी गिअर टाकला की बंद पडायची, न्यूट्रलला चालू राहायची. पाऊस चालू, नेटवर्क नाही, दोन तास मी पेट्रोल, प्लग, बॅटरी सगळं बघितलं. शेवटी एका गावातल्या ट्रॅक्टरच्या मेस्त्रीनं साईड स्टँडजवळचा छोटा स्विच बोटानं चाचपला, त्यात काळी माती गच्च भरली होती, बाटलीभर पाण्यानं धुतला आणि गाडी निघाली. गाडीला वाटत होतं स्टँड खालीच आहे. इतकी वर्षं गॅरेज चालवून मला ते सुचलं नाही ह्याचं वाईट वाटलं, तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाईकाला तो स्विच दाखवूनच गाडी देतो. तसाच एक सेन्सर गाडी आडवी पडली की इंजिन बंद करतो, बरेच जण मग स्टार्टर मारत बसतात. गाडी उभी करा, चावी बंद करून पुन्हा चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं होतं.

आणि नायट्रोजनचा कॅन कंपनीच्या छोट्या कॅरिअरवर दोरीनं बांधू नका. लोखंडी रॅक सबफ्रेमला (सीटखालच्या सांगाड्याला) चार बोल्टांवर बसवून घ्या, कॅनच्या मापाची रिंग वेल्ड करा, खाली रबर टाका. कॅन उभा राहिला पाहिजे, आणि रॅकचे बोल्ट दर पंधरा दिवसांनी हातानं तपासा.

प्रश्न : दादा मी उदगीरची, उंची पाच फूट दोन. मला ॲडव्हेंचर गाडीच घ्यायची पण घरचे आणि शोरूमवाले सगळेच उंचीमुळं नको म्हणू लालेत. सीट खाली करून घेऊ का?

उत्तर : ताई, उंचीमुळं कुणी नको म्हणत असेल तर ऐकू नका, फक्त पद्धत शिका. दोन्ही पाय टेकायची गरज नसते, थांबताना कंबर थोडी डावीकडं सरकवून एकच पाय पूर्ण टेकवायचा, उजवा ब्रेकवर. मोकळ्या मैदानात आठ दिवस सराव करा, भीती जाते. सीटचा फोम दोन-तीन सेंटिमीटर कापून घेतला तर चालतो, आणि पुढून अरुंद केला तर उंचीपेक्षा जास्त फायदा होतो. सस्पेन्शन मात्र लिंक बदलून खाली करू नका, साईड स्टँड लांब पडतो, गाडी सरळ उभी राहून पलीकडं पडते आणि वळणात वागणंही बदलतं. वजन कमी तेवढं चांगलं. आणि पडलेली गाडी उचलायला शिकवा म्हणून शोरूममध्ये हक्कानं सांगा : हँडल पूर्ण वळवायचं, पाठ गाडीला लावायची, पायांच्या जोरावर मागं ढकलत उठायचं. हातानं ओढायची नाही.

प्रश्न : माजलगावकडं आमची काळी जमीन. पावसात पुढचं चाक मडगार्डमध्ये माती भरून जाम होतं. मडगार्ड काढून टाकू का?

उत्तर : काढू नका भाऊ, सगळा चिखल रेडिएटरवर आणि तोंडावर येतो. चाकाला चिकटलेलं खालचं मडगार्ड असेल तर उंच मडगार्ड बसवून घ्या, बहुतेक ॲडव्हेंचर गाड्यांना मिळतं. माती चिकटायला लागली की जोर देऊन पुढं जाऊ नका, क्लच प्लेट जळतात, वास आला म्हणजे उशीर झालेला असतो. थांबा, काठीनं माती काढा, निघा. काठी म्हणून मी सीटखाली बांबूची वीतभर चपटी पट्टी ठेवतो, लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घालू नका, रिम आणि ब्रेकचा पाईप खरवडतो. घरी आल्यावर माती वाळायच्या आत साध्या पाण्यानं भिजवा, चेन रॉकेल नाहीतर डिझेलनं पुसा, पेट्रोल लावू नका त्यानं चेनमधली रबरी ओ-रिंग खराब होते, सुकली की ९० नंबरचं गिअर ऑईल ब्रशनं लावा, थेंब टपकणार नाहीत एवढंच.