प्रार्थनेपाशी थांबलेली तलवार

प्रश्न: शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात राजपुत्र हॅम्लेटला काका एकटा, गुडघे टेकून बसलेला सापडतो. बापाचा खुनी हाच, याची खात्रीही पटलेली असते. तरी तो तलवार म्यान करतो. ही दया की भित्रेपणा? (एक वाचक, सांगली)

उत्तर: दोन्ही नाही. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशातलं त्याचं स्वगत सावकाश वाचा. प्रार्थना करताना मेला तर हा स्वर्गात जाणार. बाप मात्र पापांची कबुली न देताच झोपेत गेला. मग सूड कसला? त्याला काकाचा, म्हणजे आता राजा झालेल्या क्लॉडियसचा, नुसता जीव नको, आत्माही नरकात हवा आहे. हात आवरतो तो सूड अपुरा पडेल म्हणून.

खरी मेख पुढे आहे. हॅम्लेट गेल्यावर राजा उठतो आणि म्हणतो, शब्द वर जातात, मन खालीच राहतं. म्हणजे प्रार्थना झालेलीच नव्हती! नाटक बसवताना घोळ होतो तो इथेच: हॅम्लेट विंगेत पोचायच्या आत राजा त्या दोन ओळी उरकतो आणि प्रसंग वाया जातो. रंगमंच पुरता रिकामा होऊ द्या, दोन श्वास थांबा, मग राजाने उठावं. पुढच्याच प्रवेशात पडद्याआडचा पोलोनिअस, राजाचा सल्लागार, हॅम्लेटकडून राजा समजून मारला जातो. त्याच्यापासून मृत्यू मोजा: त्याची मुलगी ऑफिलिया, हॅम्लेटचे जुने मित्र रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्न, हॅम्लेटची आई असलेली राणी, ऑफिलियाचा भाऊ लेआर्टीस, राजा, हॅम्लेट. आठ.

प्रश्न: ऑफिलियावर हॅम्लेटचं प्रेम होतं का? (एक वाचक, गोवा)

उत्तर: होतं. पण तिच्या तोंडावर तो आधी ‘होतं’ म्हणतो, लगेच ‘नव्हतं’ म्हणतो. आणि चाळीस हजार भावांच्या प्रेमाला माझ्या प्रेमाची सर येणार नाही, हे सांगतो ते ती गेल्यावर, कबरीपाशी. त्याने दिलेल्या भेटवस्तू ती परत करते, त्या प्रवेशात त्या वस्तू तिच्या हातात खरोखर असू द्या. मोकळ्या हातांनी तो प्रवेश पडतो.

प्रश्न: हॅम्लेट आणि लेआर्टीसच्या शेवटच्या द्वंद्वात लेआर्टीसची विषारी तलवार हॅम्लेटकडे कशी येते, हे आमच्या प्रेक्षकांना कळत नाही. शिवाय शेवटी सूत्रधाराकडून तात्पर्य सांगावं का? (हौशी नाट्यमंडळ, नाशिक)

उत्तर: १६२३ च्या छापील प्रतीत रंगसूचना एवढीच आहे: झटापटीत तलवारी बदलतात. बाकी तुम्हीच रचायचं. विषारी तलवारीच्या मुठीला लाल फीत बांधा. ‘ही जड आहे, दुसरी दाखवा’ म्हणत लेआर्टीस ती निवडतो, तेव्हा फीत शेवटच्या रांगेला दिसली पाहिजे. पहिले दोन वार हॅम्लेटचे. विषाचा पेला राणी पिते ती दुसऱ्यानंतर. तिसरी फेरी बरोबरीत सुटते आणि लेआर्टीस अवचित वार करतो. हॅम्लेट जखमेकडे बघतो, रक्त पाहून पातं धारदार असल्याचं ओळखतो. हे बघणं गाळलं की अदलाबदल नुसता योगायोग वाटते. झटापटीत दोन्ही तलवारी खाली पडू द्या. लाल फितीची हॅम्लेटने आधी उचलावी. पाती बोथटच हवीत आणि तालीम आकडे मोजत, निम्म्या गतीने.

सूत्रधार नको, तात्पर्य नाटकातच आहे. वेळेसाठी संवाद कापताना बहुतेक मंडळी लेआर्टीसवर कात्री चालवतात, तेवढं टाळा. त्याच्या दोन जागा राखा: चौथ्या अंकात हॅम्लेटबद्दलचं ‘देवळातसुद्धा त्याचा गळा कापेन’ आणि मरताना हॅम्लेटकडे मागितलेली परस्पर क्षमा. आगरकरांनी १८८३ साली मराठीत आणताना या नाटकाला ‘विकारविलसित’, म्हणजे मनोविकारांचा खेळ, म्हटलं. सूड हा शब्द शीर्षकात घेतला नाही.