वोस्कोबोयनिक हे युक्रेनियन आडनाव कुठून आलं? तिकडे ते बऱ्याच जणांचं असतं का?

मेण कुटणारा. झालं, अर्थ सांगून झाला. 'वोस्क' म्हणजे मेण, 'बोय' हा कुटणं-ठोकणं या क्रियापदातला तुकडा, आणि शेवटचा 'निक' म्हणजे आपल्या सोनार-कुंभारातला 'आर' समजा. एवढं लिहून झोपायला जाणार होतो. पण प्रश्नाच्या खाली तुम्ही जोडलंय की टीममध्ये नवीन आलेल्या माणसाचं हे आडनाव आहे आणि 'तिकडेही आडनावावरून जात कळते का'. ते वाचलं आणि परत उठून बसलो. एक तर याच आडनावाच्या म्हातारीकडे मी युक्रेनमधल्या पोल्टावा शहरात चार वर्षं भाड्याने राहिलोय. आणि दुसरं म्हणजे माझं आडनाव तेली.

२००७ ते २०१३ मी तिथे मेडिकलला होतो. (फी किती, डिग्री इथे चालते का, हे कमेंटमध्ये विचारू नका. त्यावर ढिगाने उत्तरं पडलीत.) पहिली दोन वर्षं हॉस्टेलात काढली, मग मी आणि नागपूरचा एक मित्र तिच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत गेलो. तिला बाबुस्या म्हणायचो, म्हणजे आजी. खाली जिन्याजवळ पत्रपेट्या होत्या, तिच्या पेटीवर 'वोस्कोबीयनिक' लिहिलेलं. गॅसच्या पावतीवर मात्र 'वोस्कोबोयनिक' यायचं. ती दर महिन्याला पेन्सिलीने त्यातला 'बो' खोडून वर 'बी' लिहायची आणि मगच पैसे भरायला जायची. ऑफिसातली बाई ती दुरुस्ती बघायचीसुद्धा नाही. बाबुस्याचं म्हणणं, बघू दे न बघू दे, आपण लिहायचं.

तो फरक लहान नाही. 'बी' युक्रेनियन, 'बो' रशियन कागदपत्रांतला. आपल्याकडे लाकूड पण लाकडाचं, कापूस पण कापसाचा, तसं त्यांच्याकडे शब्दाचं रूप बदललं की मधला स्वर बदलतो. मेण म्हणजे 'विस्क', पण मेणाचं म्हणताना 'वोस्कु'. रशियनमध्ये हा 'इ' येतच नाही. त्यामुळे झारच्या आणि पुढे सोव्हिएतच्या कचेऱ्यांत नावं रशियन वळणाने उतरली की हा 'बी' गळायचा. कुंभाराचंही तेच. मूळ उच्चार 'होंचार', अगदी आपल्या 'ह'चा, पण रशियनमध्ये तो 'गोंचार' होतो. तुमच्या सहकाऱ्याने स्पेलिंगमध्ये 'बो' लावलं असेल तर त्याच्या घरचे कागद बहुतेक रशियनमधून आले असतील.

आता माझं. राहायला गेलो त्याच आठवड्यात तिने विचारलं, तुझ्या आडनावाचा अर्थ काय? मी म्हणालो, गावाचं नाव आहे. धडधडीत खोटं. शाळेत चौथीपासून 'गंगू तेली' ऐकलेल्या माणसाच्या तोंडून ते आपोआप निघतं. म्हातारी सोडेना. गाव कुठे, नदी कुठली, तुम्ही तिथून निघालात कधी? मी एकावर एक थापा मारत होतो आणि नागपूरकर बटाटे सोलता सोलता शांतपणे म्हणाला, "ओलिया. ह्याचे लोक ओलिया काढतात." ओलिया म्हणजे तेल.

म्हातारीने टाळी वाजवली. "ओलीयनिक!" म्हणाली, आणि मला सपातांवरच ओढत तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेली. तिथे एक निवृत्त ट्रॉलीबस ड्रायव्हर राहायचा, आडनाव ओलीयनिक. तेली. शब्दशः तेली. त्याने मला आत बसवलं, काकडीचं लोणचं पुढे केलं आणि चौकशी सुरू केली. बी कुठलं पिळता? मी म्हणालो, करडई, शेंगदाणा. त्यांच्याकडे सूर्यफूल, त्याआधी भांगेचं बी आणि जवस. घाणा कसा? मी सांगितलं, उखळात लाट, म्हणजे जाड लाकडी दांडका, फिरते, बैल गोल गोल चालतो. त्याचा आजोबा पाचरी ठोकायचा: दाण्याचा गरम लगदा कापडात बांधून दोन फळ्यांत धरायचा आणि मोगरीने पाचर हाणत न्यायची, तेल ठिबकेपर्यंत. थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, "बैलाला चक्कर येत नाही?" म्हटलं, डोळ्यांना झापड बांधतात. हे त्याला फारच पटलं.

त्या खोलीत दीड तासात मला कुणी विचारलं नाही की तेली म्हणजे वरचे की खालचे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर तेवढंच आहे.

बाबुस्याच्या आडनावातलं मेण मी २०१० च्या सप्टेंबरात बघितलं. आडनाव तिच्या सासरचं, आणि दीर गावाकडे मधमाश्या पाळायचा. मध केव्हाच काढून झाला होता, आता जुन्या काळ्या पोळ्यांची पाळी होती. परसात चुलीवर मोठं पातेलं, त्यात पावसाचं पाणी, पाण्यात पोळ्यांचे तुकडे. ते वितळून गढूळ तपकिरी खळ होते आणि वास मधाचा येत नाही, जुन्या कपाटाचा येतो. मग ती खळ जाड तागाच्या पिशवीत ओतायची, पिशवी लोखंडी स्क्रूच्या दाबाखाली ठेवायची आणि दांडा फिरवत राहायचं. खालच्या बादलीत पाण्यावर पिवळी साय धरते. दुसऱ्या दिवशी तीच साय ढेप होऊन निघते, तळाला चिकटलेला काळा थर सुरीने खरवडून टाकतात. पिशवीत उरतं त्याला ते 'मेर्वा' म्हणतात. मी बघताक्षणी म्हणालो, ही पेंड आहे! तेल्याच्या नातवाला पेंड ओळखायला शिकवावं लागत नाही. आणि मेर्वा फेकतही नाहीत, कारण तिच्यात अजून मेण असतं. पूर्वी हे मेण कुटणारे लोक ती विकत घेऊन आपल्या मोठ्या पाचरीच्या यंत्रात पुन्हा दाबायचे. आडनावातलं कुटणं-ठोकणं ते हेच, पाचरीवर हाणलेले घाव.

त्या जुन्या यंत्राचं ओकचं मधलं लाकूड त्यांच्या गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवलं होतं, बाकडं म्हणून. पाचरींच्या खाचा अजून दिसत होत्या. दीर म्हणाला, ह्यावर बस, हे आमचं आडनाव आहे.

मेणाला एवढा भाव का, तर चर्चमधल्या मेणबत्त्या. पूर्व युरोपातून मेण बाहेर जात होतं ते पार बायझन्टाइन काळापासून. हा धंदा पडला तो आधी कारखान्याच्या स्टिअरिन-पॅराफिनने, म्हणजे चरबी आणि खनिज तेलापासून केलेल्या स्वस्त मेणाने. त्यात भर एका युक्रेनियन माणसाच्या शोधाची, असं मला वाटतं. पेत्रो प्रोकोपोविच, बातुरिनजवळचा. त्याने १८१४ साली चौकटींची मधपेटी बनवली (चौकटीत बांधलेलं पोळं न मोडता बाहेर काढता येतं) आणि १८२८ मध्ये मधुमक्षिकापालनाची शाळा काढली. त्याआधी मध काढायचा म्हणजे बहुतेकदा गंधकाचा धूर देऊन माश्या मारायच्या आणि पोळं कापून घ्यायचं, म्हणजे मेणही सगळं हाती. चौकट आली, पुढे १८६५ मध्ये मध काढायचं फिरकीचं यंत्र आलं, आणि तेच पोळं माश्यांना परत देता यायला लागलं. माश्या वाचल्या, मेण घटलं.

आडनाव कितपत आढळतं? कमी. दुर्मिळात दुर्मिळ म्हणता येणार नाही, पण मेलनिक (पिठाची चक्कीवाला, युक्रेनमधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव), कोवाल-कोवालेन्को (लोहार आणि लोहाराचा पोर), बोंदारेन्को (पिंपं बनवणाऱ्याचा), त्काचेन्को (विणकराचा) यांच्यापुढे काहीच नाही. कारण साधं आहे. लोहार आणि चक्की प्रत्येक गावाला लागते. मेणाचं यंत्र पंचक्रोशीत एक असलं तरी पुरतं. जितका धंदा विरळ तितकं आडनाव विरळ. पोल्टावा भागात वोस्कोबीयनिकी नावाचं एक गावही आहे, तेव्हा त्या बाजूला शोधायला हरकत नाही. 'रिद्नी' नावाच्या युक्रेनियन वंशावळीच्या साइटवर आडनावांचा नकाशा आहे, तिथे दोन्ही स्पेलिंग टाकून बघा, फक्त 'बो' टाकलंत तर बरेच सुटतील.

बाकी तिकडे आडनावं धंद्यावरून पडणं ही जुनी गोष्ट. १६४९ च्या कोझाक (युक्रेनमधले जुने लढवय्ये) सैन्याच्या नोंदवहीत असली नावं पानोपानी आहेत. त्यांचा राष्ट्रकवी तारास शेव्चेन्को, शंभर ह्रिव्नियाच्या नोटेवर असतो तो, त्याचं आडनाव म्हणजे जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. स्वतः भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा शेतकरी, म्हणून जन्मला. कुणी त्याचं आडनाव सुधारून दिलं नाही.

आणि आमच्याकडे? आमच्या दादाने २००४ मध्ये राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदललं. गावाच्या नावाला 'कर' लावला, झाला मोकळा. मला म्हणाला, तूही बदल, पासपोर्ट काढायच्या आधी बदल, नंतर मार्कशीटचा घोळ होतो. मी नाही बदललं. तेव्हा तत्त्व वगैरे काही नव्हतं, आळस होता. तत्त्व पोल्टाव्याहून परत आल्यावर आलं. तेव्हापासून दर दिवाळीत आमचं याच विषयावर वाजतं. तो म्हणतो, तू डॉक्टर, तुला चालतं. मी म्हणतो, संताजी जगनाडे घाणा चालवणारे, तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे, त्यांना चाललं, तुला का चालत नाही? यावर आई दोघांनाही चकल्या देते.

पण मला खरा राग आडनावाचा नाहीच. आमच्या परसात आजोबांच्या घाण्याची लाट पडलेली होती. वडील एसटीत कंडक्टर, घाणा कधीच बंद झालेला, पण लाट होती. बाभळीची, तेल पिऊन काळी कुळकुळीत, लहानपणी तिच्यावर घोडा घोडा खेळायचो. २००५ मध्ये घर बांधताना दादाने ती फोडून सरपणाला घातली. त्या गोठ्याजवळच्या बाकड्यावर बसलो तेव्हा मला पहिल्यांदा तिची आठवण झाली आणि मी वेड्यासारखा रडलो. दीराला वाटलं चुलीचा धूर गेला डोळ्यांत.

तर तुम्हाला माझा सल्ला: सहकाऱ्याला त्याची जात विचारू नका, त्याला प्रश्नच कळणार नाही. घरात कुणी माश्या पाळायचं का ते विचारा. आणि तुमचं आडनाव बदलायचा विचार चालू असेल (प्रश्नाच्या सुरावरून मला तसा वास आला, चूक असेन तर माफ करा), तर बदलू नका.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात, नाहीतर खाली लोक येतीलच. हे आडनाव युक्रेनमधल्या ज्यू घरांतही सापडतं. झारच्या राज्यात ज्यूंना १८०४ च्या कायद्याने आडनाव लावणं सक्तीचं झालं, तेव्हा बऱ्याच जणांनी धंद्याचं घेतलं. तेव्हा तुमचा सहकारी त्या घरातला असू शकतो, आणि त्या लोकांना आडनावावरून ओळखून काय काय केलं गेलं ते मी सांगायला नको. भूदासपणही १८६१ पर्यंत होतंच. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर मला जे दिसलं ते एका संध्याकाळचं होतं, देशाचा इतिहास नव्हता. दुसरं दादाबद्दल. पुण्यात कॉलेजला असताना त्याला आडनाव सांगितल्यावर दोन ठिकाणी खोली 'नुकतीच गेली' होती. मला परदेशात कुणी असं म्हणालं नाही. हे मी भांडताना कधी कबूल करत नाही, इथे करतो, कारण तो मराठी काहीच वाचत नाही.

बाबुस्या २०१९ मध्ये गेली. तिने दिलेली मेणाची ढेप माझ्या दवाखान्याच्या ड्रॉवरमध्ये आहे, एका कडेला पेन्सिलीने 'बी' कोरलेला.

गेल्या वर्षी पुतण्याने, म्हणजे दादाच्याच मुलाने, लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान काढलं. जोरात चालतं. बाटलीवरच्या लेबलावर छापलंय 'तेली यांचा घाणा'. मी दादाला फोन करून विचारलं, हे काय? म्हणाला, "तो ब्रँड आहे, आडनाव नाही." आणि आता दुकानात दर्शनी भागी ठेवायला त्यांना एक जुनी लाट हवीये, कुणाकडे असेल तर सांग म्हणाला.