क्लचची नुसती प्लेट बदलावी की पूर्ण सेट?

तुमची 2006 ची बोलेरो, अडीच लाख किलोमीटर पळालेली. चोर्ला घाटाच्या चढाला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही, आणि मेकॅनिक म्हणतोय नुसती प्लेट टाकूया. टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

नका टाकू. मी याच घाटातून बेळगावची भाजी गोव्याला नेतो, जुन्या पिकअपमधून. चार पैसे वाचवायला मीही एकदा नुसती प्लेट टाकली. आठ महिन्यांत पेडल दाबलं की कुईंऽऽ असा आवाज सुरू झाला. रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबलं की क्लच सोडवणारं बेअरिंग, गेलं होतं. बेअरिंग एवढंसं, पण त्याच्यासाठी गिअरबॉक्स परत खाली, मजुरी परत तेवढीच. खरा खर्च गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो. तो एकदा खाली आला की प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि असेल तर पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं), सगळा सेट एकदमच बदलून घ्यायचा.

त्याआधी एक बघा. क्लच पेडलला वर थोडा मोकळा खेळ आहे का, म्हणजे सुरुवातीला जोर न लागता ते जरा खाली जातं का? नसेल तर पाय काढल्यावरही क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि चांगली प्लेटसुद्धा घसरते. मग नुसत्या सेटिंगवर काम भागतं. खेळ ठीक असेल तर मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला 40 च्या स्पीडवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आवाज चढला आणि स्पीड तिथंच राहिला, तर प्लेट संपली समजा.

गिअरबॉक्स उतरेल तेव्हा तुम्ही स्वतः तिथं उभे राहा. फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनच्या ज्या जड चकतीवर प्लेट दाबली जाते तिच्यावर, नख फिरवून बघा. नख अडकलं तर प्लेटच्या रिबिटांनी चरे पाडलेत. तसं असेल किंवा निळे डाग, बारीक तडे दिसले तर फ्लायव्हील लेथवर दाखवा. फेसिंग, म्हणजे वरचा थर कातून सपाट करणं, जमण्यासारखं असेल तर करून घ्या, तडे खोल असतील तर बदला. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्यांना काय तोटा आहे! आणि फ्लायव्हीलच्या मागचं क्रँकचं (इंजिनच्या मुख्य शाफ्टचं) ऑइल सील ओलं दिसलं तर तेही बदला, गिअरबॉक्सच्या शाफ्टचंही. हे मी फार कळकळीनं सांगतोय. नव्या प्लेटला ऑइल लागलं की ती धुऊन काही उपयोग होत नाही, पुन्हा घसरते.

बसवताना प्लेट डमी शाफ्टनं (गिअरबॉक्सच्या शाफ्टसारख्या दांड्यानं) सेंटरला घ्यायला लावा, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. स्प्लाइनला, म्हणजे प्लेट ज्यावर सरकते त्या शाफ्टवरच्या खाचांना, ग्रीस अगदी बोटानं पुसल्यासारखं, जास्त नको. उडून प्लेटच्या लायनिंगवर, म्हणजे घासणाऱ्या भागावर, जातं.

नंतर पहिले 500 किलोमीटर भरलेली गाडी घाटात नेऊ नका. आणि जांबोटीच्या पुढं चढावर ट्रकमागं अडकलात तर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक ओढा.