एक वर्षाचे नर्सिंग की तीन वर्षांचे?

प्रिय ताई,
मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. यंदा कला शाखेतून बारावी झाले, ५८ टक्के मिळाले. आजी दवाखान्यात होती तेव्हापासून मला सरकारी दवाखान्यात सिस्टर व्हायचे आहे. तालुक्याला बसस्थानकासमोर एक वर्षाचा नर्सिंग डिप्लोमा आहे. फी ५५ हजार आहे आणि नोकरीची हमी देतात. मामा म्हणतात, लगेच पैसे भरून टाक. शेजारची ताई जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, म्हणजे परिचर्या व प्रसूतिसेवेचा डिप्लोमा) कर म्हणते, पण त्याला तीन वर्षे लागतात. धाकटा भाऊ दहावीला आहे आणि बाबांकडे हळदीचे आलेत तेवढेच पैसे आहेत. तीन वर्षे मागितली तर मी स्वार्थी ठरेन का?

प्रिय मुली,
तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो तुला सर्वांत जास्त टोचतो आहे. तू स्वार्थी ठरणार नाहीस. घरची ओढाताण पाहून जी मुलगी स्वतःच्या शिक्षणाचाही हिशेब मांडते, तिच्या मनात स्वार्थ नसतो. मात्र हा हिशेब वर्षांचा न मांडता, शिक्षण संपल्यावर तुझ्या हातात कोणता कागद असेल, यावरून मांडायला हवा.

सरकारी रुग्णालयात ज्यांना आपण सिस्टर म्हणतो, त्यांच्या पदाचे नाव अधिपरिचारिका. त्या पदासाठी जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेले असावे लागते आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असावी लागते. एक वर्षाच्या प्रमाणपत्रावर ही नोंदणी मिळत नाही. असे शिक्षण घेतलेल्या मुली आजाऱ्यांच्या घरी राहून त्यांची सेवा करतात, छोट्या दवाखान्यांत मदतनीस म्हणून राबतात, आणि त्या कामाला मी मुळीच कमी लेखत नाही. परंतु दहा वर्षे काम करूनही त्यांना अधिपरिचारिकेच्या जागेसाठी अर्ज करता येत नाही. मामांनी तुझ्या भल्याचेच सांगितले असेल, पण जाहिरातीतला ‘नर्सिंग’ हा शब्द त्यांनी जसाच्या तसा खरा मानला आहे.

जीएनएमला कला शाखेची मुलगी चालते. बारावीत इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात, म्हणजे तुझी वाट मोकळी आहे. तीन वर्षे खरोखरच झेपणार नसतील तर दोन वर्षांचे एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका व प्रसूतिसेविकेचे शिक्षण आहे. त्याचीही परिषदेकडे नोंदणी होते आणि पुढे उपकेंद्रात आरोग्यसेविका होता येते. तुझे मन मात्र वॉर्डात आहे, म्हणून माझा कौल जीएनएमला. पुढे ऐपत आली की जीएनएमनंतरचे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही घेता येईल.

आता कॉलेज कसे निवडावे ते सांगते. सरकारी रुग्णालयाला जोडलेल्या प्रशिक्षण केंद्रासाठी आधी प्रयत्न कर, कारण तिथे फी कमी असते आणि रुग्ण भरपूर पाहायला मिळतात. खासगी संस्थेत जाण्याची वेळ आली तर परिषदेची मान्यता आणि मान्य जागांची संख्या दाखवणारे चालू वर्षाचे पत्र माग, आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची आहे ना, हे विचारून घे. मग सगळ्यांत महत्त्वाचे: संस्थेचे रुग्णालय स्वतः जाऊन पाहा. जीएनएमच्या शाळेला स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय असावे, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. दुपारी चारच्या सुमारास, कुणाला न सांगता जा. खाटांवर रुग्ण आहेत का, की गाद्यांवरचे प्लास्टिकही अजून निघालेले नाही? विद्यार्थिनी सलाइन लावताना, ताप-नाडी तक्त्यावर लिहिताना दिसतात का? बाहेर चहा पिणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार, “गेल्या महिन्यात तुमची पोस्टिंग कुठे होती?” ज्यांना वॉर्डाचे नाव चटकन सांगता येते, त्या खरोखर शिकत आहेत असे समज. इमारतीच्या काचा आणि गणवेशाचा रंग यांवर मी एक मिनिटही घालवणार नाही.

पैशांबाबत बाबांशी आकडे समोर ठेवूनच बोल. शिकवणी शुल्क, वसतिगृह, मेस, गणवेश, परीक्षा शुल्क, सगळे तीन वर्षांचे लिहून माग. तुझ्या प्रवर्गाला शिष्यवृत्ती लागू असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर त्या संस्थेचे आणि अभ्यासक्रमाचे नाव दिसते का, हे प्रवेशाआधी तपास. मूळ गुणपत्रिका आणि टीसी पडताळणीसाठी दाखव. ठेवून घ्यायची म्हणाले तर कागदांची यादी लिहिलेली सहीशिक्क्याची पोच घेतल्याशिवाय देऊ नकोस, कारण कागद अडकले की संस्था सोडून दुसरीकडे जाणे फार अवघड होते.

आणि मामांना टाळू नकोस. बसस्थानकासमोरच्या त्या संस्थेत त्यांनाच बरोबर घेऊन जा आणि त्यांच्यासमोर एवढेच विचार, “हा डिप्लोमा झाल्यावर परिचर्या परिषदेत माझी नोंदणी होईल का? तसे लेखी द्याल का?” उत्तर मामांना स्वतःच्या कानांनी ऐकू दे. हळदीचे पैसे तोवर बाबांच्या खात्यातच राहू देत.

तुझी ताई