प्रोजेक्टच्या एनपीएमआरसी या सेटिंग्जच्या फाइलमध्ये रजिस्ट्री (पॅकेज जिथून येतात तो सर्व्हर) बदलली, तरी एनपीएम हा जावास्क्रिप्टचा पॅकेज मॅनेजर जुन्याच पत्त्यावरून पॅकेज का आणतो?

तुमच्या फाइलला मागे सारणारी सेटिंग दुसरीकडे कुठेतरी आहे, किंवा जुना पत्ता लॉकफाइलमध्ये, म्हणजे पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलमध्ये, नोंदलेला आहे. एनपीएमच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये क्रम स्पष्ट दिला आहे: आधी कमांडसोबत दिलेला पर्याय, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, मग प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमधली फाइल, त्यानंतर होम फोल्डरमधली, मग ग्लोबल. अंदाज बांधत बसण्यापेक्षा प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘एनपीएम कॉन्फिग लिस्ट’ चालवा. कोणती सेटिंग कुठून आली आणि कोणती कशामुळे निष्प्रभ झाली, दोन्ही तिथे दिसतं.

तिथे सगळं बरोबर असेल तर लॉकफाइल उघडा, बहुतेकांचं लक्ष नेमकं तिच्याकडेच जात नाही. प्रत्येक पॅकेजचा पूर्ण पत्ता तिच्यात ‘रिझॉल्व्ड’ या नावाखाली असतो. तो एनपीएमच्या मूळ सार्वजनिक रजिस्ट्रीचा असेल, तर एनपीएम स्वतःच त्याजागी तुमची रजिस्ट्री वापरतं. दुसऱ्या सर्व्हरचा असेल तर मात्र तसाच ठेवतं. अशा वेळी ‘रिप्लेस-रजिस्ट्री-होस्ट’ ही सेटिंग ‘ऑलवेज’ करा. आणि त्यासाठी एनपीएमआरसी फाइल उघडलीच आहे तर रजिस्ट्रीचं टोकन (लॉगिनची गुप्त किल्ली) कृपया तिच्यात थेट लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या. ही फाइल गिटमध्ये जाते.

हे सगळं प्रोजेक्टपुरतं आहे. ‘-जी’ लावून ग्लोबल इन्स्टॉल करताना प्रोजेक्टची फाइल वाचलीच जात नाही, तेव्हा रजिस्ट्री होम फोल्डरमधल्या फाइलमध्ये लिहा.