ट्रंका काय वाहत होत्या?

प्रश्न असा आला आहे: जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी'त दहाचे ठोके पडतात तेव्हा 'द ट्रंक्स वेअर कॅरिइंग डाउन' असं वाक्य आहे. ट्रंका कशा वाहतील? 'वेअर बीइंग कॅरीड' हवं ना? छापताना चूक झाली का?

चूक नाही. कादंबरी 1817च्या डिसेंबरात आली, तेव्हाच्या शिष्ट इंग्रजीत असंच लिहीत. ट्रंका खाली नेणं चालू होतं, इतकाच अर्थ. गंमत म्हणजे या मराठी वाक्यातच त्या रचनेची कुळकथा आहे. आपलं 'नेणं' जसं क्रियेचं नाव, तसंच तिथलं 'इंग'वालं रूपही मुळात नामच. 1611च्या बायबलात जेरुसलेमचं मंदिर 46 वर्षं 'इन बिल्डिंग' होतं, म्हणजे बांधकामात होतं. 'ऑन बिल्डिंग'मधलं 'ऑन' झिजून 'अ-बिल्डिंग' असंही म्हणत. पुढे तो 'अ'ही गळला आणि 'द हाउस इज बिल्डिंग' उरलं.

घराच्या बाबतीत घोटाळा नाही, घर बिचारं काय बांधणार! पण 'द बॉय इज बीटिंग' म्हटलं तर पोरगा मारतोय की मार खातोय? 'इज बीइंग बीटन' म्हटलं की मार खातोय हे नक्की; 'इज बीइंग'ने ही अडचण अशी सोडवली. रॉबर्ट साउदी या कवीच्या 1795च्या पत्रात ते सापडतं, तेही न्हावी दाढ उपटतोय अशा प्रसंगात (दात काढणं तेव्हा न्हाव्यांचंही काम).

मग एकोणिसावं शतकभर व्याकरणवाले या रचनेवर तुटून पडले. अमेरिकेतल्या रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी 1870च्या पुस्तकात तिच्यासाठी एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं. 'इज' आणि 'बीइंग' एकाच क्रियापदाची रूपं, मग हे म्हणजे 'असणं असतंय' म्हटल्यासारखंच की, असा त्यांचा सूर. तर्क म्हणून मला तो आजही बिनतोड वाटतो. पण लोकांना पोरगा मारतोय की मार खातोय ते कळायला हवं होतं, आणि शतक संपेतो 'इज बीइंग' रुळलंही.

जुन्या वळणाची वाक्यं मात्र अजून भेटतात: 'डिनर इज कुकिंग', थिएटरबाहेरचं 'नाऊ शोइंग'. आणि 'हॅज बीन बीइंग बिल्ट' म्हणायची पाळी आली की इंग्रज माणूस आजही बहुधा वाक्यच फिरवतो.